स्वरयंत्र काढल्यावर मानेच्या जखमेतून लाळ येते आहे: माहिती आणि अनुभव हवे आहेत

गवतफूल

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

बाबा ६४ वर्षांचे. स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी आधी रेडिएशन आणि केमो एकत्र झालं होतं, तेव्हा आवाज वाचला. मग गाठ त्याच जागी परत आली आणि या वेळी पूर्ण स्वरयंत्र काढावं लागलं. मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसिकाग्रंथीही काढल्या. पहिला आठवडा छान गेला, ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळ्या) काढायची भाषा सुरू झाली होती. दुसऱ्या आठवड्यात ताप आला, टाक्यांखालची कातडी लाल आणि टणक झाली, आणि मग ड्रेसिंग ओलंचिंब व्हायला लागलं. पांढुरकं, चिकट, वास मारणारं. सर्जन म्हणाले, "फिश्चुला झालाय. तोंडावाटे काही नाही, नळीवर ठेवू, वाट बघू."

वाट बघू म्हणजे काय बघू? मानेला भोक पडलंय आणि त्यातून लाळ येते, ते शिवून का टाकत नाहीत? डॉक्टर राउंडला येतात तेव्हा प्रश्न सुचत नाहीत, ते गेले की सगळे आठवतात. बाबा पाटीवर एकच लिहितात, "पाणी कधी?" कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

बिनआवाजी

मी गेलोय. माझंही स्वरयंत्र नाही, त्यामुळे टंकतो मात्र भरपूर.

आधी बाबांच्या पाण्याबद्दल. ती तहान पोटाची नसते, नळीतून पाणी पुरेसं जात असतं. ती तोंडाची असते. आधी रेडिएशन झालेलं असलं की लाळ कमी आणि दाट होते, वर तोंड बंद ठेवून श्वास मानेतून. तोंड ओल्या स्पंजने वारंवार पुसून देता येईल का हे नर्सना विचारा. आणि हाताशी थुंकायला भांडं ठेवा. आमच्या सर्जननी मला सांगितलं होतं की लाळ गिळू नका, थुंका. गिळलेला प्रत्येक घोट त्या भोकाकडेच जातो.

दुसरं, पाटी मोठी द्या आणि त्यांचं लिहून होईपर्यंत थांबा. लोक अर्ध्या शब्दावर अंदाज बांधून उत्तर देतात. मला भोकाचा त्रास होता त्याहून जास्त राग याचा यायचा.

माझं भोक बिनाऑपरेशनचं बंद झालं. वेळ लागला, आठवड्यांच्या हिशोबात लागला.

खडा_सवाल

स्पष्ट विचारतो, राग नसावा. टाके नीट घातले असते तर लाळ बाहेर आली असती का? फाइलच्या कॉपी काढून ठेवा आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. "वाट बघू" हे नेहमीचंच आहे.

टाकेवाला

दुसरं मत घ्यायला कुणाचीच हरकत नसावी. पण टाके चुकले म्हणून लाळ आली, हे समीकरण बरोबर नाही. मी याच शाखेत काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्वरयंत्र हे घशाची पुढची भिंत असतं. ते काढलं की घसा पुढून उघडा पडतो, आणि उरलेली श्लेष्मल त्वचा एकत्र आणून त्याची पुन्हा नळी शिवावी लागते. ही शिवण जिभेच्या मुळापासून खाली अन्ननलिकेच्या तोंडापर्यंत जाते. इंग्रजी टी अक्षरासारखी शिवण घातली तर तीन कडा जिथे मिळतात तो बिंदू सगळ्यात कच्चा. आता या शिवणीवरून रोज अर्धा ते दीड लिटर लाळ वाहते, तिच्यात पाचक रसही आहेत आणि तोंडातले जंतूही. शरीरात दुसरीकडे कुठे टाके घातले तर ती जागा आपण कोरडी ठेवतो. इथे ते शक्यच नाही.

त्यात आधी रेडिएशन. किरणांनी गाठीबरोबर आसपासच्या बारीक रक्तवाहिन्याही हळूहळू बुजतात. पेशी कमी, रक्त कमी, प्राणवायू कमी. वरून कातडी ठीक दिसते, पण जखम भरायला लागणारा माल तिथे पोचत नाही. केमो आणि रेडिएशन एकत्र झालं असेल तर आणखी कठीण. स्वरयंत्र वाचवण्याच्या उपचारांवर अमेरिकेत जो मोठा अभ्यास झाला (आरटीओजी ९१-११), त्यात ज्यांचं स्वरयंत्र शेवटी काढावं लागलं त्यांच्यात हा फिश्चुला नुसतं रेडिएशन झालेल्या गटात साधारण १५ टक्के आणि केमो-रेडिएशन एकत्र झालेल्या गटात साधारण ३० टक्के होता. म्हणजे अनुभवी हातांतही दहातल्या तिघांना. याशिवाय मधुमेह, धूम्रपान, कमी हिमोग्लोबिन, ऑपरेशनआधीच घटलेलं वजन, या सगळ्यांचा हात असतो.

आता "लगेच शिवा" बद्दल. सुजलेल्या, जंतू असलेल्या, किरण खाल्लेल्या कडेला टाका धरत नाही. तो कातरत जातो आणि भोक मोठं होतं. म्हणून आधी लाळ बाहेर यायला सोपी, छोटी आणि मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपासून दूर जाणारी वाट करून देतात, पू साचू देत नाहीत, आणि मग शरीर आतून मांस भरत आणतं. बहुतेक फिश्चुला असेच बंद होतात. वाट बघणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, रोज काय बघतात ते विचारा: गळती वाढतेय की कमी होतेय, कातडीच्या कडा गुलाबी आहेत की काळ्या, आत पू किंवा लाळेचा खिसा साचलाय का, आणि मोठी रक्तवाहिनी उघडी पडतेय का. यातलं शेवटचं हो असेल किंवा भोक मोठं असेल तर थांबत नाहीत, ताजं मांस आणून झाकतात. त्यासाठी बहुतेक वेळा छातीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट वर वळवतात. ही पद्धत १९७९ पासून आहे आणि अजून तीच अडीअडचणीला धावून येते. काही ठिकाणी रेडिएशन झालेल्या रुग्णाला पहिल्या ऑपरेशनातच असा स्नायू शिवणीवर अंथरतात. तुमच्या बाबांना तसं केलं होतं का, हा प्रश्न जरूर विचारा. नसेल केलं तर ती चूकच असं नाही, पण पुढचा बेत त्यावर ठरतो.

अवांतर: कॅन्सरसाठी पूर्ण स्वरयंत्र पहिल्यांदा काढलं बिलरोथ यांनी, व्हिएन्नात, ३१ डिसेंबर १८७३ ला. घसा आणि श्वासनलिका पूर्ण वेगळे करून श्वासनलिका कातडीला शिवायची पद्धत त्यानंतर आली. तेव्हापासून आजपर्यंत या लाळेने सर्जन लोकांचा पिच्छा सोडलेला नाही.

खडा_सवाल

ठीक आहे, मान्य. इतकं डॉक्टर लोक वॉर्डात सांगत नाहीत म्हणून संशय येतो, एवढंच म्हणणं.

रात्रपाळी

गवतफूल, मी अशा वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय. ऑपरेशनची बाजू वर आलीच आहे, मी खाटेजवळचं सांगते.

पहिली गोष्ट, लाळ श्वासनलिकेत जातेय का. भोक जर स्टोमाच्या (श्वासासाठी मानेत केलेल्या छिद्राच्या) जवळ असेल तर लाळ ओघळून सरळ स्टोमात उतरते आणि न्यूमोनिया होतो. अशा वेळी फुगा असलेली नळी स्टोमात ठेवतात, फुगा लाळ अडवतो. बाबांचा खोकला वाढला, सक्शनमधून पातळ लाळेसारखं यायला लागलं, तर राउंडची वाट बघू नका.

दुसरी, ड्रेसिंग. भिजलं की बदलायचं, ठरलेल्या वेळेची वाट बघायची नाही. भिजलेलं ड्रेसिंग तसंच राहिलं की आजूबाजूची चांगली कातडीही सोलते. कडेच्या कातडीला झिंकचं किंवा तसलं संरक्षक मलम मागून घ्या. स्राव हिरवट आणि वेगळ्याच वासाचा झाला तर सांगा, तो बहुधा स्यूडोमोनास नावाचा जंतू असतो, त्याचं औषध वेगळं आणि ड्रेसिंगचं द्रावणही वेगळं. दाब देणारं ड्रेसिंग कुठे आणि किती घट्ट ते डॉक्टरच ठरवतील. नातेवाइकांनी प्रेमापोटी घट्ट करू नये, ताज्या फ्लॅपवर (दुसरीकडून आणून लावलेल्या कातडी-मांसावर) दाब पडला तर त्याचं रक्त बंद होतं.

तिसरी गोष्ट लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. अशा जखमेतून ताजं लालभडक रक्त आलं, अगदी चमचाभर आलं आणि आपोआप थांबलं तरी, ती घंटा वाजवायची वेळ असते. आधी रेडिएशन झालेलं असेल आणि लाळ मानेच्या मोठ्या धमनीवर साचत असेल तर धमनीची भिंत कुजू शकते. मोठ्या रक्तस्रावाच्या आधी पुष्कळदा असा छोटा इशारा मिळतो. "थांबलं की आता" असं म्हणून झोपू नका. मोठा रक्तस्राव सुरू झाला तर बोटाने किंवा मुठीने कापडासकट घट्ट दाबून धरायचं आणि मदत बोलवायची, आत काय आहे ते उचलून बघायचं नाही. हे क्वचित होतं, पण ड्युटीवरच्या प्रत्येकाला आणि खाटेजवळ बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं.

कवडसा

आमच्या ओळखीत एकांची जखम एका लेपाने भरली होती, वनस्पतींचाच आहे, साइड इफेक्ट नाही. हवं असेल तर व्यनि करते.

रात्रपाळी

कवडसा, हेतू चांगला आहे, पण हा गुडघ्यावरचा ओरखडा नाही. या भोकाच्या आतल्या टोकाला घसा आहे, शेजारी श्वासनलिका आणि तळाशी धमनी. तिथे वाळलेला लेप अडकला की पू आत कोंडतो, आणि भुकटी स्टोमात उडाली तर फुप्फुसात. कृपया नको.

मापटं

आहारतज्ज्ञ आहे. बाबांच्या नाकातल्या नळीबद्दल लिहिते.

ती नळी त्या शिवणीवरूनच खाली गेलेली आहे. ती निसटली किंवा रात्री ओढली गेली तर कुणीही उत्साहाने परत घालू नये, घरच्यांनी तर नाहीच, पण वॉर्डातल्या नवख्या हातांनीही नाही. आंधळेपणाने घातलेली नळी शिवण फोडून मानेत शिरू शकते. नळीवर नाकापाशी खूण करून ठेवा आणि पट्टी सैल झाली की लगेच सांगा. खूप आठवडे लागणार असं दिसलं तर पोटातून सरळ जठरात नळी घालतात, मग घशाला मोकळीक मिळते.

किती द्यायचं? साधारण धोरण असं की वजनाच्या दर किलोमागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हिशोब बदलतो, म्हणून आकडा घरी ठरवू नका. तक्त्यावर लिहिलेलं आणि पोटात खरंच गेलेलं यात मात्र नेहमी फरक असतो. तपासण्यांना नेलं म्हणून दुपारचं फीड हुकलं, मळमळलं म्हणून अर्धंच दिलं. एक कागद घेऊन रोज गेलेलं प्रमाण लिहा आणि राउंडला तोच दाखवा. बाकी कुठल्याही प्रश्नापेक्षा या कागदाने जास्त काम होतं.

फीड देताना डोक्याकडची बाजू उंच, नंतरही काही वेळ तशीच. उलटी वर आली की आम्लही त्या शिवणीवर जातं.

ऑपरेशनच्या आधी कित्येक दिवस पोटभर जेवण झालेलं नसेल तर सुरुवात सावकाश करतात. उपाशी शरीराला एकदम भरपूर दिलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपकन खाली येतं. "एवढंसंच का देता" असं वाटलं तर कारण हे असू शकतं.

आणि थायरॉइड! टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासलंय का विचारा. मानेला रेडिएशन झालेलं, शिवाय ऑपरेशनात थायरॉइडचा भाग बहुधा गेलेला. कमी थायरॉइड असलं तर जखम रेंगाळते, आणि एका गोळीने सुधारणारी ही गोष्ट गडबडीत राहून जाते.

टाकेवाला

थायरॉइडचा मुद्दा शंभर टक्के. मी तो विसरलोच होतो.

उंबरा

गवतफूल, आमची गोष्ट थोडी वेगळी, पण कुणाला तरी उपयोगी पडेल. यजमानांचा कॅन्सर घशाच्या खालच्या भागात होता, त्यांना मनगटाजवळची कातडी घेऊन घसा बनवला. पहिल्या रात्री दर तासाला कुणीतरी येऊन फ्लॅपचा रंग बघायचं. मला वाटायचं झोपू द्या की माणसाला. पहाटे रंग जांभळा दिसला आणि लगेच ऑपरेशन थिएटरमध्ये परत. शिरेत गुठळी झाली होती, ती काढली आणि फ्लॅप वाचला. सकाळपर्यंत कुणी बघितलं नसतं तर गेलाच असता.

मग मानेच्या डाव्या ड्रेनमध्ये दुधासारखं पांढरं यायला लागलं. मी लाळच समजले. ती लाळ नव्हती, लसिकानलिकेला धक्का लागून गळणारा रस होता. त्यासाठी फीडमधली चरबी बदलली, वेगळ्या प्रकारची दिली, आणि तो हळूहळू थांबला. सांगायचं कारण, ड्रेनमधल्या प्रत्येक पांढऱ्याचा अर्थ एकच नसतो.

माझा प्रश्न डॉक्टरांना: आमचं रेडिएशन ऑपरेशननंतर व्हायचं आहे. हाताच्या जखमेवरची कातडी अजून पूर्ण धरलेली नाही, मानेचा एक कोपरा उघडा आहे. रेडिएशनवाले म्हणतात सुरू करू, आणि मला भीती की जखम चिघळेल.

टाकेवाला

उंबरा, हाताची जखम रेडिएशनच्या क्षेत्रात नाही, तिच्यासाठी थांबायचं काहीच कारण नाही. मानेच्या कोपऱ्याचं बघावं लागेल, पण ऑपरेशननंतरचं रेडिएशन सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असा दंडक आहे. त्याहून उशीर झाला की कॅन्सर परत येण्याची शक्यता वाढते. म्हणून सर्जन, रेडिएशनवाले आणि तुम्ही एकत्र बसून तारीख ठरवा. छोटी, स्वच्छ, वरवरची उघडी जागा असेल तर तशीच सुरुवात करतात. लाळ गळत असेल तर मात्र गणित बदलतं, मग वाट न बघता लवकर फ्लॅपने झाकायचा विचार करतात, तो यासाठीच. जखम पूर्ण बंद होईपर्यंत सगळं थांबवणं हे ऐकायला सुरक्षित वाटतं, पण तसं नसतं.

गवतफूल, तुमच्या बाबांना रेडिएशन आधीच होऊन गेलंय, त्यामुळे हे घड्याळ बहुधा तुमच्या मागे नाही. त्या अर्थाने तुमचे सर्जन निवांत थांबू शकतात.

गवतफूल

सगळ्यांचे खूप आभार. कागद घेऊन राउंडला उभी राहिले आणि या वेळी प्रश्न विसरले नाही.

उत्तरं अशी. पहिल्या ऑपरेशनात छातीचा स्नायू वापरलेला नव्हता. सीटी स्कॅनमध्ये मोठी रक्तवाहिनी झाकलेली दिसते, खिसा छोटा आहे. टीएसएच तपासलेलं नव्हतं, केलं, खूपच जास्त आलं, म्हणजे थायरॉइड कमी, गोळी सुरू झाली. (मापटं, तुम्हाला साष्टांग नमस्कार.) हिमोग्लोबिनही कमी आहे. आणि फीडचा हिशोब लिहायला लागल्यावर कळलं की ठरलेल्याच्या दोन तृतीयांशच पोटात जात होतं. आता नर्स आणि मी मिळून वेळा पाळतो.

ड्रेसिंग आधीपेक्षा कमी भिजतंय. तरी मला एक समजत नाही. भोक बंद झालं हे ठरवणार कसं? बाहेरून कोरडं दिसलं की पाणी देता येईल का?

टाकेवाला

नाही, बाहेरून कोरडं पुरेसं नाही. कातडी वरून मिटते आणि आत बोगदा राहतो, मग पाणी दिलं की पुन्हा फुटतं. काही दिवस कोरडं राहिलं की पाण्यात विरघळणारं कॉन्ट्रास्ट औषध गिळायला देऊन एक्स-रे काढतात, ते बाहेर पाझरत नसेल तर पाण्याच्या घोटाने सुरुवात. काही जण आधी रंगीत पाण्याचा घोट देऊन ड्रेसिंगवर रंग येतो का ते बघतात. फिश्चुला न झालेल्या माणसालाही, रेडिएशन झालेलं असेल तर, आम्ही तोंडाने सुरू करायला जास्त थांबतो.

आणि बंद झाल्यावर पुढे गिळताना अडकायला लागलं तर सांगा. फिश्चुला भरलेल्या जागी घसा आकसू शकतो. तो रुंद करता येतो, पण आधी परत गाठ नाही ना हे बघावं लागतं.

बिनआवाजी

आकसण्याचं मी अनुभवतोय. भूल देऊन रुंद करतात, घरी त्याच दिवशी. वैताग आहे, पण जेवतो.

एक राहिलं. घरी न्यायच्या आधी घरातल्या सगळ्यांना आणि बाबांच्या पाकिटातल्या चिठ्ठीलाही हे माहीत हवं की ते मानेने श्वास घेतात. बेशुद्ध पडले तर तोंडातून श्वास देऊन उपयोग शून्य, प्राणवायूचा मास्क नाकातोंडावर लावूनही शून्य. जे काय द्यायचं ते स्टोमावर. रुग्णवाहिकेतल्या लोकांनाही हे दर वेळी सांगावं लागतं.

रात्रपाळी

+१. स्टोमावर ओलावा धरणारा फिल्टर मिळतो, तोही विचारा. नाक गाळण्याचं आणि हवा ओली करण्याचं काम करत नसल्यामुळे श्वासनलिकेत खपल्या धरतात, आणि खपलीने नळी बुजणं हे घरी गेल्यावर अचानक परत येण्याचं एक मोठं कारण असतं.

गवतफूल

चिठ्ठी लिहून ठेवली. कॉन्ट्रास्टची तपासणी पुढच्या आठवड्यात ठरली आहे, निकाल इथेच लिहीन. बाबा विचारताहेत की बोलण्याचा व्हॉल्व्ह कधी बसवतात, फिश्चुला झाला म्हणजे तो मार्ग बंद झाला का?

टाकेवाला

बंद होत नाही, पुढे ढकलला जातो. श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या भिंतीत नवं छिद्र करून तो बसवतात, त्यामुळे आधी जखम पूर्ण भरून गिळणं सुरळीत व्हायला हवं. तोवर गळ्याला लावायचं इलेक्ट्रिक यंत्र वापरता येतं, पण मान सुजलेली आणि ओली असताना तेही नीट चालत नाही. त्याचा एक प्रकार गालाला किंवा तोंडात नळी धरून वापरतात, तो स्पीच थेरपिस्टकडून आजमावून बघा.

बिनआवाजी

आवाजाच्या पर्यायांवर वेगळा धागा काढा गवतफूल, मी तिथे पानंच्या पानं लिहीन. इथे जखमेचंच राहू द्या, शोधणाऱ्याला सापडायला सोपं जाईल.